आयटीतली नोकरी : धोका कुणाच्या खात्यावर?

२०२५च्या जूनमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएसने आपल्या कर्मचाऱ्यांना एक नवा नियम लागू केला. प्रत्येकाने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर असलेच पाहिजे, आणि तसे काम नसताना, म्हणजे ‘बेंच’वर, वर्षभरात ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. त्यानंतर दीड महिन्यात कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत तर कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या जवळजवळ वीस हजारांनी घटली. चर्चा झाली ती कपातीची, आणि ती होणे साहजिकच होते. पण या उद्योगातल्या कामाची परिस्थिती समजून घ्यायची असेल तर कपातीपेक्षा जूनचा तो नियम अधिक काही सांगतो. नवे काम मिळवणे हे कंपनीच्या विक्री विभागाचे आणि वरिष्ठ व्यवस्थापनाचे काम आहे. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेने प्रकल्प पुढे ढकलला तर तो निर्णय पुण्याजवळच्या हिंजवडीत बसलेल्या अभियंत्याच्या हातात नसतो. तरीही तो प्रकल्प थांबल्यामुळे रिकामे गेलेले दिवस त्या अभियंत्याच्या नावावर मोजले जातात आणि त्यावर त्याची नोकरी ठरते.

भारतीय आयटी उद्योगात पन्नास लाखांहून अधिक लोक काम करतात. त्यांच्या कामाच्या वातावरणाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरते, एक म्हणजे कामाचे तास आणि दुसरी वाईट मॅनेजर. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या परिणाम आहेत, कारण नाही. कारण असे, की या धंद्यात ग्राहकाच्या लहरीचा, बाजाराच्या चढउताराचा आणि चुकलेल्या अंदाजाचा जो धोका असतो, तो भांडवलाने आणि व्यवस्थापनाने उचलण्याऐवजी पद्धतशीरपणे पगारदाराच्या खात्यावर टाकला जातो. आणि तो तसा टाकता येतो, कारण हा पगारदार कायद्याच्या दृष्टीने नेमका कोण आहे हे पंचवीस-तीस वर्षे धूसर ठेवले गेले आहे.

धंद्याची रचना पाहू. सेवा देणारी आयटी कंपनी मुख्यतः माणसांचा वेळ विकते. करार तासावर असेल तर किती माणसे किती तास लावली याचे बिल होते. करार ठरावीक रकमेचा असेल तर ते काम किती माणसांत आणि किती दिवसांत उरकायचे हे कंपनीला आधी सांगावे लागते, आणि करार मिळवण्याच्या स्पर्धेत तो आकडा शक्य तितका खाली ओढला जातो. दहा माणसांचे काम सात जणांत होईल असे विक्रीच्या टेबलावर ठरले, की उरलेल्या तिघांचे काम त्या सातांच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार खाऊन पूर्ण होते. मॅनेजर कितीही सज्जन असला तरी त्याला हे गणित बदलता येत नाही. त्याचे स्वतःचे अप्रेझल त्याच गणितावर अवलंबून असते. दुसरीकडे कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के प्रत्यक्ष बिल होणाऱ्या कामावर आहेत हा आकडा काही कंपन्या दर तिमाहीला गुंतवणूकदारांपुढे ठेवतात. इन्फोसिससारख्या कंपनीत प्रशिक्षणार्थी वगळता तो पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. तो जितका वर, तितका नफा चांगला, पण राखीव माणसे तितकीच कमी. कुणी आजारी पडले, बाळंतपणाच्या रजेवर गेले, नोकरी सोडून गेले, की ते काम उरलेल्यांवर येते. त्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आणि भारत यांच्यातला साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक. ग्राहकाची सकाळ म्हणजे पुण्याची संध्याकाळ. त्यामुळे दिवसाचे काम संपल्यावर ‘कॉल’ सुरू होतात आणि त्या कॉलचे तास अनेकदा कुठेच नोंदले जात नाहीत.

या नोकरीचे प्रवेशद्वार पाहिले तर धोका ढकलण्याची हीच पद्धत जास्त उघडी दिसते. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या पदवीधराला मिळणारे सुरुवातीचे वार्षिक पॅकेज दहा-बारा वर्षांहून अधिक काळ तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास अडकून आहे. या काळात घरभाडे, शिक्षण, प्रवास यांचे काय झाले ते पुण्यात खोली शोधणाऱ्या कुणालाही विचारावे. याच काळात वरच्या टोकाला काय घडले याचे उदाहरण म्हणून इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे २०२४-२५चे वेतन घेता येईल. ते ८० कोटी रुपयांहून अधिक होते. त्यातला मोठा भाग शेअर्समधून येतो हे मान्य केले तरी अंतराची जाणीव कमी होत नाही. पण पगारापेक्षा गंभीर बाब प्रतीक्षेची आहे. २०२१-२२मध्ये मागणी फुगली तेव्हा कंपन्यांनी महाविद्यालयांतून भराभर नेमणूकपत्रे वाटली. मागणी ओसरल्यावर ती पत्रे हातात घेऊन हजारो मुले महिनोन्‌महिने बसून राहिली. विप्रोने २०२३च्या फेब्रुवारीत साडेसहा लाखांची नेमणूक असलेल्या नवोदितांसमोर साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय ठेवला. इन्फोसिसच्या बाबतीत २०२२च्या तुकडीतल्या काहींना रुजू व्हायला २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले, आणि २०२५च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून त्यांच्यातल्या तीनशेहून अधिक जणांना अंतर्गत परीक्षा तीन प्रयत्नांत उत्तीर्ण न झाल्याच्या कारणावरून एका झटक्यात घरी पाठवले गेले. परीक्षेचा निकष आधीपासून होता हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. पण दोन वर्षांहून अधिक वाट पाहायला लावलेल्या मुलाला एका दुपारी सामान बांधायला सांगताना त्या दोन वर्षांची किंमत कुणी मोजली? कर्नाटकच्या कामगार विभागाने चौकशी केली. ही मुले नेहमीच्या अर्थाने कर्मचारी नव्हती, प्रशिक्षणार्थी होती, म्हणून कायद्याचा भंग आढळत नाही असा सूर त्यातून निघाला. जो कर्मचारीच नाही त्याला कामगार कायदा लागू होत नाही, आणि त्याला कर्मचारी कधी म्हणायचे हे कंपनी ठरवते.

बाहेर पडण्याच्या दरवाजावरही हेच. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर महिनाभराची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आणि सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जाईल हे तत्त्व पाळावे लागे. सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतीच होती, म्हणजे आयटीला ती कधीच जाचली नाही. तरीही यातले किमान दायित्वसुद्धा टाळण्याची एक सोपी वाट या उद्योगात रूढ झाली. ती म्हणजे कर्मचाऱ्याकडूनच राजीनामा घ्यायचा. मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बोलावले जाते, लॅपटॉप जमा करायला सांगितले जाते, आणि दोन पर्याय पुढे येतात. राजीनामा दिला तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाही दिला तर काढून टाकल्याची नोंद होईल. पुढची नोकरी पार्श्वभूमी तपासणीवर अवलंबून असलेल्या माणसाला यात निवड अशी उरतच नाही. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने अशा सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी वारंवार कामगार आयुक्तांकडे आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेल्या आहेत. कंपन्यांनी सक्तीचा आरोप फेटाळला आहे. टीसीएसने २०२५च्या सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत कपातीपोटी १,१३५ कोटी रुपयांचा खर्च हिशेबात दाखवला, म्हणजे अनेकांना भरपाई मिळाली हेही नोंदवले पाहिजे. पण ती कंपनीने ठरवलेली, कंपनीच्या मर्जीची भरपाई होती. हक्काच्या आणि मर्जीच्या रकमेत आकडा सारखा असला तरी माणसाच्या पाठीच्या कण्यात फरक पडतो. उलट दिशेने मात्र कर्मचारी स्वतःहून सोडतो तेव्हा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड काटेकोरपणे वसूल होतो.

चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२मध्ये दिलेला एक निकाल इथे फार महत्त्वाचा आहे. टीसीएसने २०१५मध्ये काढून टाकलेल्या एका अभियंत्याने दावा लावला होता. तो मॅनेजर असल्यामुळे ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने पदनामापेक्षा त्याच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहिले, ते काम तांत्रिक स्वरूपाचे आहे असे ठरवले आणि त्याला मागील पगारासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. निकाल योग्य होता, पण यायला सात वर्षे लागली. कोणत्या अभियंत्याला गृहकर्जाचे हप्ते भरत सात वर्षे खटला चालवणे परवडेल? आयटीत तिशीच्या आतच लीड, असोसिएट, कन्सल्टंट, मॅनेजर अशी पदनामे मिळतात. माणूस दिवसभर कोड लिहितो, चाचण्या करतो, ग्राहकाच्या तक्रारी सोडवतो, पण नावापुढच्या बिरुदामुळे कायद्याच्या छत्राबाहेर फेकला जाण्याची टांगती तलवार त्याच्यावर असते. १९४७च्या त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही अडचण सुटलेली नाही. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक मिळवणारा माणूस तिच्यात कामगार मानला जात नाही. आज आयटीत नवखा मुलगासुद्धा बहुधा ही रक्कम ओलांडतो.

राज्यांनी या धूसरपणात भरच घातली. कर्नाटकने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली आणि ती वेळोवेळी वाढवली. शिस्त, बडतर्फी आणि तक्रारनिवारण यांचे लिखित, प्रमाणित नियम असणे म्हणजे स्थायी आदेश. त्यातूनच सूट. २०२४मध्ये त्याच राज्यात दिवसाचे काम चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि तिथल्या ‘किटू’ या आयटी कर्मचारी संघटनेने त्याला जाहीर विरोध केला नसता तर किती जणांना त्याचा पत्ता लागला असता, कोण जाणे. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा कागदावर बरा आहे. त्यात मूळ तरतुदीप्रमाणे दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, जादा कामाला दुप्पट मोबदला आणि स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती व सुरक्षेची हमी आहे. पण गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदे त्यातून वगळता येतात, आणि जादा तासांची नोंदच झाली नाही तर दुप्पट मोबदला मागायचा कशाच्या आधारावर? २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीतला जादा कामाचा कमाल वेळ १२५वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. आहे ती मर्यादा तपासली जात नसताना ती वाढवण्याची घाई का, हे समजायला अवघड आहे. तपासणी किती ढिली आहे हे २०२४मध्ये दिसलेच होते. पुण्यातल्या एका जागतिक लेखा-सल्लागार संस्थेतल्या २६ वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाचा प्रश्न देशभर पेटला, आणि कामगार खात्याचे अधिकारी तिथे पोचले तेव्हा ते कार्यालय २००७पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीविना चालू असल्याचे आढळले. सतरा वर्षे कुणी पाहायलाच गेले नव्हते.

आता तासांबद्दल. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले आणि त्यावर जो गदारोळ झाला तो अजून पुरता शमलेला नाही. त्यांच्या पिढीने शून्यातून उद्योग उभा केला, हे कुणीही नाकारू नये. इन्फोसिसची स्थापना पुण्यात १९८१मध्ये दहा हजार रुपयांवर झाली आणि त्या सात जणांनी तासांचा हिशेब ठेवला नसेल. पण ते सात जण मालक होते. त्यांच्या प्रत्येक जादा तासाचे रूपांतर त्यांच्याच भागभांडवलात होत होते. साडेतीन लाखांवर आलेल्या मुलाच्या सत्तर तासांचे रूपांतर दुसऱ्याच्या नफ्यात होते. मेहनतीचे आवाहन करताना हा फरक झाकून ठेवणे न्याय्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. इन्फोसिसनेच २०२५मध्ये घरून काम करताना दिवसाला सव्वानऊ तासांची मर्यादा ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रकृतीची काळजी घेण्याबद्दल ईमेल पाठवायला सुरुवात केली. कंपनीला धोका कळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या गणितामुळे सव्वानऊ तास पुरत नाहीत ते गणित तसेच ठेवून पाठवलेला ईमेल जबाबदारी पुन्हा त्या एकट्या माणसावर टाकतो.

याची सगळ्यांत जास्त किंमत स्त्रिया मोजतात. टीसीएसच्या २०२२-२३च्या वार्षिक अहवालात कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी नोंदवले, की एरवी स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण पुरुषांइतके किंवा कमी असे, त्या वर्षी ते पुरुषांहून अधिक झाले. घरून काम बंद होणे हे त्याचे एक कारण असू शकेल असाही अंदाज त्यांनी मांडला. ज्या उद्योगाने लाखो मध्यमवर्गीय मुलींना स्वतःचा पगार आणि स्वतःचे शहर दिले, त्याच्याबद्दलची ही नोंद आहे. हिंजवडीतून वाकडपर्यंतच्या वाहतूककोंडीत जाणारे रोजचे तास कुठल्याही बिलात नसतात. ते घरातल्या लहान मुलाच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याचे तास असतात, आणि आपल्या घरांत त्यांचा हिशेब बहुतेक वेळा बाईलाच चुकवावा लागतो.

यावर घेतले जाणारे आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप असा, की आयटीतला माणूस बांधकामावरच्या किंवा उसाच्या फडातल्या माणसापेक्षा कितीतरी सुखी आहे, मग त्याचे रडगाणे कशाला? तुलना खरी आहे आणि ऊसतोड कामगाराची उपेक्षा ही महाराष्ट्राची लाज आहे. पण एकाची अवस्था अधिक वाईट असल्याने दुसऱ्याचा हक्क रद्द होत नाही. शिवाय ज्या क्षेत्रात नफ्याचे प्रमाण इतके भरघोस आहे (टीसीएसचा परिचालन नफ्याचा दर चोवीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो) तिथेच कामाचे नियम पाळले जाणार नसतील, तर कमी नफ्याच्या उद्योगांकडून ते पाळण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२१-२२मध्ये कर्मचारी धडाधड नोकऱ्या बदलत होते, इन्फोसिसचा गळतीचा दर अठ्ठावीस टक्क्यांच्या घरात गेला होता, पगार दुप्पट मागितले जात होते. तेव्हा बाजार कर्मचाऱ्याच्या बाजूने होता, आज कंपनीच्या बाजूने आहे, कायद्याला मध्ये कशाला ओढता? खरे तर हीच दोन वर्षे माझ्या म्हणण्याचा पुरावा आहेत. त्या तेजीत कंपन्यांनी बाजाराला मोकळे सोडले नाही. प्रतिस्पर्धी कंपनीत त्याच ग्राहकाचे काम करण्यावर बंदी घालणाऱ्या अटी पुढे केल्या गेल्या आणि २०२२मध्ये इन्फोसिसच्या अशा अटीविरुद्ध नाइट्सने केंद्राकडे तक्रार नेली. त्याच वर्षी दुसरीकडे काम करत असल्याच्या कारणावरून विप्रोने तीनशे जणांना काढले. मंदीत बाजाराचे नियम, तेजीत कराराच्या अटी, म्हणजे दोन्ही काळात झळ एकाच बाजूला. चाळिशीतल्या अभियंत्याला तर बाजार हा पर्यायच उरत नाही. त्याचा पगार वाढलेला असतो, कौशल्य जुने ठरवलेले असते, आणि मुलांची शिक्षणे ऐन खर्चाच्या टप्प्यावर असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खालच्या फळीतले काम घटेल हे गृहीत धरले, तरी त्या बदलाची किंमत कुणी उचलायची हा प्रश्न उरतोच. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरण्याची तरतूद आहे. वीस वर्षे दिलेल्या माणसाला नवे तंत्र शिकण्यासाठी पंधरा दिवसांची रक्कम अपुरी आहे, आणि व्याख्येमुळे तीही बहुतेकांना मिळणार नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा. नियम कडक केले, संघटना आल्या, की कंपन्या हैदराबादला नाहीतर फिलिपिन्सला जातील. याचे उत्तर नुकतेच कंपन्यांच्या ताळेबंदांनीच दिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत एकूण मोबदल्याचा निम्मा भाग तरी वेतन म्हणून धरावा लागतो, त्यामुळे ग्रॅच्युइटीसारखी देणी वाढली. डिसेंबरअखेरच्या तिमाहीत टीसीएसने यापोटी २,१०० कोटींहून अधिक आणि इन्फोसिसने १,२०० कोटींहून अधिक रुपये एकदम बाजूला काढले. मूळ पगार कमी दाखवून ‘सीटीसी’ (कर्मचाऱ्यामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च) फुगवण्याच्या वर्षानुवर्षांच्या पद्धतीत कर्मचाऱ्यांचे किती देणे दबून राहिले होते, त्याचा तो आकडा आहे. कायदा बदलला, पैसे निघाले, आणि कुणी देश सोडून गेले नाही. नियम देशभर सारखा असला की राज्याराज्यांतली खाली उतरण्याची स्पर्धा थांबते, हेही यातून दिसले.

संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले, आयटी क्षेत्रात महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार देण्याची अट घातली. या पायऱ्या चांगल्या आहेत, पण धोका कुणाचा हा मूळ प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही. त्यासाठी ठोस बदल लागतील आणि ते फार क्रांतिकारकही नाहीत. कामगाराची व्याख्या पदनाम किंवा पगारावरून न करता ज्याला दुसऱ्याला नेमण्याचा, काढण्याचा आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकार नाही तो कामगार, अशी करता येईल. नेमणूकपत्र दिल्यावर ठरलेल्या तारखेला रुजू करून घेतले नाही, तर त्या तारखेपासून किमान निर्वाहवेतन सुरू व्हावे. मग नेमणुकांचा अंदाज कंपन्या अधिक जपून बांधतील. लॉगिनची वेळ कंपनीच्या यंत्रणेत सेकंदापर्यंत नोंदलेली असते, ती कर्मचाऱ्यालाही मिळावी आणि रात्रीच्या कॉलसह जादा कामाचा पुरावा म्हणून ती धरली जावी. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत एकदा नव्हे, पुन्हाही मांडले. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७पासून कायद्यात आहे. त्या विधेयकावर निदान सविस्तर चर्चा तरी व्हावी. कपातीच्या काळात दिलेला राजीनामा कामगार अधिकाऱ्यासमोर पडताळल्याखेरीज ग्राह्य धरू नये, म्हणजे त्या बंद खोलीतल्या दोन पर्यायांचे वजन कमी होईल. आणि बेंचवरचे दिवस कर्मचाऱ्याच्या अप्रेझलमध्ये न मोजता कंपनीच्या वार्षिक अहवालात मोजले जावेत. किती दिवसांसाठी कंपनी आपल्या माणसांना काम देऊ शकली नाही, हे भागधारकांनी दरवर्षी व्यवस्थापनाला विचारावे.